समेटाचं मीठ

माझा भाऊ चंपतराव कधी कोणावर ओरडायचा नाही, आणि मी ओरडल्याशिवाय एक दिवस काढला नाही. एका आईची दोन लेकरं अशी कशी, याचं उत्तर बाजारहत्नूरच्या बाजारात कोणीही भाजी निवडता निवडता देऊ शकत होतं. चंपतराव आईवर गेला, मालनबाई बापावर गेली. ‘बापावर गेली’ म्हणताना मात्र बोलणाऱ्याचा आवाज खाली यायचा, कारण आमचा बाप ओरडता ओरडताच गेला होता.

ते आधी सांगते, म्हणजे दादा समजेल. ज्वारी हुरड्यावर होती आणि शेजाऱ्याची गाय आमच्या रानात शिरली. बाबा धुऱ्यावर उभे राहून, म्हणजे दोन शेतांच्या मधल्या बांधावर, शेजाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होते. शिवी अर्धी बाहेर पडली आणि तोंड वाकडं झालं. बाजेवर घालून घरी आणलं, दिवेलागणीला संपले. पन्नाशीला नुकते टेकले होते. गावानं निकाल दिला, रागानं घात केला. बाबांच्या कमरेला तंबाखूची चंची होती, रोज सकाळी कांद्याबरोबर खडे मीठ चावल्याशिवाय त्यांची न्याहारी होत नसे, आणि आमचे आजोबाही त्याच वयात असेच कोसळले होते. पण आजोबांना जंगलातल्या वाऱ्यानं धरलं आणि बाबांना रागानं, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ठरलेल्या गोष्टीचा कोणी पुन्हा विचार करत नाही.

दहाव्याला नदीवर दादा डोकं भादरून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मालन, म्या ठरवलं. आता ह्या घरात कोणी राग करायचा नाई.”

“तू नोको करू,” मी म्हटलं. “माह्यं मी पाहीन.”

दादानं शब्द पाळला. वेसण तोडून पळालेल्या बैलाला तो ‘ये बापा’ म्हणून परत आणी. रुख्मिणीवैनीनं एकदा चुलीवरचं दूध उतू घालवलं तेव्हा म्हणाला, “चुलीलेबी तहान लागते.” मी मात्र शिकले, गावच्याच मराठी शाळेत मास्तरीण झाले, गावातल्या गावात समोरच्या गल्लीत माझं लग्न झालं, आणि माझा आवाज दोन्ही गल्ल्यांना पुरून उरला. माझ्या नवऱ्याला लोक विचारत, कसं निभावता? तो म्हणे, कान आहेत दोन, आणि दोन्हींना वाटा आहेत.

अशा शांत माणसाचा गाव उपयोग करून घेणार नाही तर काय! ऐंशीनंतर आमच्याकडे कापूस वाढला, विहिरींवर इंजिनं बसली आणि जमिनीला मोल आलं. मोल आलं तशी धुऱ्याधुऱ्याला भांडणं लागली. आमचा भाग आंध्रात, तहसिलीत जावं तर तारखा, वकील आणि तेलुगूतले कागद. त्यापेक्षा चंपतरावची ओसरी बरी. दादा कोणालाच ‘चूक कोणाची’ असं विचारत नसे. दोघांना बोलू द्यायचा, तोंडं कोरडी पडेपर्यंत, आणि मग हळूच म्हणायचा, “आता पाणी पेऊन घ्या, मंग पाहू.” बहुतेक भांडणं त्या पाण्याबरोबरच खाली उतरत.

समेट झाला की मीठ-भाकर. ही आमच्या भागातली जुनी रीत. एका काशाच्या ताटात ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि खड्या मिठाचा ढीग. दोन्ही बाजूंनी एकाच ताटातलं मीठ लावून घास खायचा. खाल्ल्या मिठाला जागायचं, इतकं तर सगळ्यांना कळतं. पण आमच्याकडे पुढं आणखी एक कलम होतं, ताटात मीठ उरलं तर भांडण उरलं. म्हणून उरलेलं सगळं पंचानं खायचं. भांडण पंचाच्या पोटात गेलं की ते पुन्हा वर येत नाही. आणि भांडणाऱ्यांची रीत अशी की आपण मिठाला नुसतं बोट लावायचं आणि ढीग पंचासाठी ठेवायचा. दादा तो ढीग भाकरीबरोबर शांतपणे संपवायचा. अंगणात उभे असलेले लोक त्याच्या तोंडाकडे पाहत असत, देवळात नैवेद्याकडे पाहतात तसे.

“भांडन तुमचं अन् पोट माह्या भावाचं काऊन?” मी विचारायची. लोक हसायचे. मालनबाईचं बोलणं कोण मनावर घेतो?

दहा-अकरा वर्षं दादानं असे किती समेट पचवले, ते देव जाणे. वखरामागं दिवसभर चालणारा माणूस बाजेवर आला आणि शेत सालदाराच्या हाती गेलं. समेट हे बसायचं काम. बसलं की चंची फिरते, तंबाखूला नाही म्हटलं तर समोरच्याला वाटतं पंच दुसऱ्या बाजूचा. धोतराची गाठ हळूहळू पोटाच्या खाली सरकली. जीभ तर इतकी सरावली की वैनीची भाजी आम्हाला खारट लागे तेव्हा त्याला अळणी लागे, आणि तो वरून मीठ मागे. पण डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, झोप गाढ. शिवाय राग नाही. दादाला स्वतःची इतकी खात्री होती की गावाची काळजी त्याच्यावर टाकून गावही निश्चिंत होतं. काळजी सगळ्यांना माझीच.

एक्याण्णवच्या हिवाळ्यात शाळा तपासायला साहेब आले. मराठी शाळेत पोरं कमी दिसतात असं ते जरा हसून म्हणाले, आणि मी त्यांना वेचणीचे दिवस, कापूस, पोरं आणि त्यांचं स्वतःचं डोकं यांतला संबंध मोठ्यानं समजावून दिला. साहेब जीपमध्ये बसून गेले, चहा न घेता. ते ऐकून दादा आणि वैनी हबकले. पंचेचाळिशी आली, आता मालनही बापाच्या वाटेनं जाते! येत्या बाजारच्या दिवशी बाजारहत्नूरच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचं शिबिर होतं. दोघांनी मला गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाई वरंगलकडची, तरुण. तिची तेलुगू आम्हाला कामापुरती कळे, आमची मराठी तिला मुळीच नाही, म्हणून दोन्हीकडून हिंदीची मोडतोड चालली होती.

“ये मेरी बहन,” दादा म्हणाला. “बहुत गुस्सा करती. बाप गुस्से में गया. इसका बीपी देखो.”

बाईनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कान लावून ऐकलं. “ठीक है. एकदम नॉर्मल.”

“फिर से देखो,” दादा म्हणाला.

तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा नॉर्मल. खरं सांगते, मला जरा अपमानच वाटला. जन्मभर ओरडून काहीच नाही?

“मशीन बिगडी होगी,” दादा म्हणाला, अगदी सौम्यपणे. डॉक्टरीणबाई हसली. मशीन कशी आहे ते तुमच्यावरच पाहू, म्हणाली आणि पट्टा त्याच्या दंडाला बांधला. मग तिचं हसू थांबलं. तिनं त्याला भिंतीशी टेकून बसवलं, बोलू नका म्हणाली, मधल्या वेळात दुसरे बरेच लोक तपासले, आणि पुन्हा पाहिलं. मग दुसरा हात घेतला.

“बहुत ज्यादा है,” ती म्हणाली.

दादा माझ्याकडे वळला. “पाह्यलं? तुह्या बाजूले बसलो म्हणून मले चढलं.”

बाई एकेक विचारत गेली. वडील कशानं गेले? कोणत्या वयात? त्यांचे वडील? आजोबांचं मी सांगितलं तेव्हा तिनं मान वर करून पाहिलं. तंबाखू? दारू? दारू नाही. काम काय? “बैठके न्याय करते,” मी म्हटलं. वरून मीठ घेता का? दादाच्या आधी मागून वैनीच बोलली, “ताटात येगळा ढीग लागते त्याहीले.”

“पर गुस्सा नहीं करता मैं,” दादा म्हणाला. आयुष्यभर जमवलेली एकच वस्तू दाखवावी तसं म्हणाला.

“अच्छी बात है,” बाई म्हणाली. “मगर गुस्से से चढता है, वो उतर जाता है. इनका चढा, उतर गया. आपका चढके बैठा है. घर का खून है, उमर है, तंबाकू है, नमक है, ये पेट है, बैठना है. सब मिलके चढाते हैं. और दर्द नहीं होता, इसलिए आदमी समझता है मैं अच्छा हूँ.” मलाही तिनं सोडलं नाही. बाप तोच, रक्त तेच, दरवर्षी येत जा, म्हणाली.

पुढच्या बाजारी पाहिलं, त्याच्या पुढच्या बाजारी पाहिलं, पट्टा तेच सांगत होता. गोळ्या सुरू झाल्या. दादानं त्या प्रसादासारख्या घेतल्या, आणि मग बरं वाटतं म्हणून बंद केल्या. मुळात वाईट कधी वाटलंच नव्हतं, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. दोन्ही गल्ल्यांनी ऐकलं. वैनीनं घरात मिठाचा हात आखडला, तर त्या वर्षी गावात समेट फार झाले. दादा स्वतःच भांडणं शोधत हिंडतो, असा माझा संशय होता.

“ते मीठ तरी सोड,” मी एकदा हात जोडले.

“पंचानं मीठ सोडलं तं समेट सुटते, मालन. लोकं कुऱ्हाडी काढतीन.” मग मला समजावत म्हणाला, “तू काऊन भेतं? मी राग करतो का? मले काई होत नाई.”

मला तेव्हा त्याच्या शांतपणाचाच राग आला. बाबांना गावानं रागाच्या नावावर मारून टाकलं होतं, आणि हा शांततेच्या नावावर त्याच वाटेनं चालला होता. त्याला अडवायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

ज्वारी खळ्यावर आली त्या दिवसांतली गोष्ट. नागनाथ आणि उद्धवराव हे चुलत भाऊ, शेताला शेत लागून. उद्धवरावनं धुऱ्यावरचा दगड आपल्या सोयीनं सरकवला, असं नागनाथचं म्हणणं. दुपारभर बोलणं चाललं. शेतातूनच आलेले, म्हणून दोघांच्या बैलजोड्या बाहेर निंबाला बांधलेल्या. मी शाळा सुटून आले तेव्हा दगड जागेवर ठेवायचं ठरलं होतं आणि ताट मांडलं होतं. दोघांनी मिठाला बोट लावून घास घेतला. दादानं उरलेला ढीग भाकरीत घेतला, उचलला, आणि त्याची बोटं उघडली. भाकर खाली पडली. मीठ सांडलं. तो काहीतरी म्हणाला, पण शब्द जाड निघाले, तोंडात घास असल्यासारखे.

मी त्याचं तोंड पाहिलं आणि मला धुऱ्यावरचे बाबा दिसले.

वैनी पाणी घेऊन येईपर्यंत हातात जीव परत आला, जीभ सुटली. “मुंग्या आल्या हाताले,” दादा हसून म्हणाला. पण अंगणात कुजबुज झाली होती. पंचाच्या हातून मीठ सांडलं. हा समेट देवाला मान्य नाही. उद्धवराव उठला, “मंग माहा दगड मी हालवत नाई.” नागनाथनं काठीकडे पाहिलं.

“थांबा,” दादा म्हणाला. “मी खातो न. संपवतो.” आणि त्यानं सांडलेलं मीठ गोळा करायला तोच हात पुढे केला.

मी ताट ओढलं. त्यातला एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. “पंच मी,” मी म्हटलं.

“बाई कशी पंच?” उद्धवराव म्हणाला. “अन् हे बाकीचं मीठ? उरलं तं भांडन उरलं.”

पुढचं काही मी योजलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली होती रक्त तेच आहे, तेव्हा तो ढीग मीही खाणार नव्हते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि निंबाखालच्या बैलांवर नजर गेली. ताट घेऊन उठले. “धुऱ्यावर रोज चालते कोन? तुमी का बैल? मंग भांडन त्याहीच्या पोटात जाऊ द्या, त्याहीले पचते.” अर्धं मीठ नागनाथच्या जोडीला, अर्धं उद्धवरावच्या. बैलांनी हात चाटून साफ केले, ताटही चाटलं. अंगणात कोणीतरी खुदकन हसलं. मग नागनाथ हसला.

“ताट खाली झालं,” मी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं. “आता ज्याले समेट मोडायचा असंन त्यानं मोडावा. चंपतराव माफ करंन. मी कोन हाये ते तुमाले माईत हाये.”

दगड त्याच संध्याकाळी जागेवर गेला. तोवर आम्ही दादाला जीपमध्ये घालून आदिलाबादच्या वाटेला लागलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा इशारा होता. लकवा दारात येऊन परत गेला, पुढच्या खेपेला तो घरात शिरेल. दादा खाटेवर पडून ऐकत होता आणि आपला उजवा हात उघडत, मिटत होता. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली, आणि देवाची शपथ, मला बरं वाटलं.

त्यानंतर गोळी चुकली नाही. वैनीनं ती देवळीत कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवली, तिचं कुंकू आणि त्याची गोळी एकाच वेळी. भांडण धुऱ्यावर असेल तर निवाडाही धुऱ्यावरच, असा दादानं नवा नियम केला आणि बाजेवरून उठून शेतं पायी तुडवू लागला. धोतराची गाठ हळूहळू वर आली. तंबाखूनं मात्र फार छळलं. जवस भाजून चावायचा, चिडायचा नाही, फक्त उदास व्हायचा. एकदा कडब्याच्या गंजीत लपवलेली चंची मी शोधून काढली, तेव्हा चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा राहिला. आणि समेटाचं मीठ? एक खडा माझा, बाकी बैलांचं. ज्या मिठात मालनबाईचा राग आहे ते खाऊन शब्द मोडायची छाती गावात कोणाची होती?

होती, उद्धवरावची होती. काही वर्षांनी, दादा बाबांच्या वयाच्या पुढे निघून गेला होता तेव्हा, पेरणीच्या घाईत उद्धवरावनं पुन्हा दगड सरकवला. नागनाथ बोलवायला आला, आणि आम्ही दोघं चालत गेलो. दादा नेहमीसारखा हळू बोलू लागला. मी बाह्या सरसावतच होते, तेवढ्यात उद्धवराव माझ्याकडे पाहून म्हणाला, “तुमी दोघं बहीनभाऊ जपून राहा. तुमच्या बापानं असंच धुऱ्यावर तोंड चालवलं होतं. पाह्यलं न काय झालं?”

आणि दादा ओरडला.

तो आवाज मी ओळखला. बाबांचाच आवाज, नळकांड्यातून यावा तसा. “दगड उचल! आत्ताच्या आत्ता उचल अन् जाग्यावर ठेव! माह्या बापाचं नाव घ्याची तुही लायकी हाये का रे!” वखरणारे बैल थांबले. उद्धवरावनं मुकाट्यानं दगड उचलला, ठेवला, आणि मागं न पाहता निघून गेला. नागनाथही गेला, बहुधा घाबरून.

दादा धुऱ्यावर उभाच होता. त्यानं गालावरून हात फिरवला, तोंड जागेवर आहे का पाहायला. मग उजवा हात डोळ्यांपुढे धरून उघडला, मिटला.

“मालन, काई झालं नाई.”

“नाई होत, दादा. गोळी घेतं, चालतं, मीठ सोडलं. ओरडल्यानं चढलं असंन, उतरंन.”

तो खाली बसला. मला वाटलं चक्कर आली, पण तो रडत होता. “मंग बाबा रागानं नाई गेले.”

“नाई.”

“अन् आपुन इतके वर्सं त्याहीलेच दोष देऊन राह्यलो.”

मीही त्याच्याजवळ बसले आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी तो माझं पुसायचा तसं.

त्या वर्षी पितरांना आमच्याकडे सगळा गाव जेवायला होता. दरवर्षी बाबांचं पान वाढलं की कोणीतरी म्हणायचंच, माणूस चांगला, पण रागानं गेला. यंदाही एकजण म्हणाला. दादा हातातलं पात्र खाली ठेवून उभा राहिला.

“माहे बाबा रागानं गेले नाई,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “त्याहीले बीपी होतं. पट्टा बांधनारं कोनी नवतं म्हणून कळलं नाई. मले होतं, मालनले दाखवाले नेलं म्हणून कळलं. ज्याच्या घरी बाप असा पडला असंन, आजा पडला असंन, त्यानं येत्या बाजारी आमच्या गाडीत बसावं.”

शेवटच्या पानावर बसलेला उद्धवराव, ज्याचा थोरला भाऊ असाच खळ्यावर कोसळून गेला होता, खाली मान घालून म्हणाला, “मी येतो, चंपतराव.” बाजारच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी गाडीत येऊन बसला होता.